बसल्या जागी आठ हजार पावलं

माझे रोजचे नेम तीन. ऐंशी माळा नामस्मरण, दुपारी बारा ते दोन मौन, आणि सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत खोटं न बोलणं. तिसऱ्या नेमाला सूर्यास्ताची सवलत कशासाठी, असं आमचे हे विचारतात. मी त्यावर मौन धरते.

हे तिन्ही नेम बसून करता येतात, एवढं लक्षात यायला मला एकसष्ट वर्षं आणि दोन निकामी मूत्रपिंडं लागली.

डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं की आता औषधांनी भागणार नाही, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास, तेव्हा मी रडले. पण रडता रडता मनात हिशेब चालूच होता, की चार तास एका जागी बसायचं म्हणजे किती माळा होतील. तोवर माझा नेम चाळीस माळांचा होता. तो मी त्याच दिवशी ऐंशीवर नेला. देव वर बसून म्हणाला असेल, हिला आजार दिला की रजा दिली.

माझ्या डाव्या हातात फिश्चुला केला होता, म्हणजे सुया टोचण्यासाठी दोन रक्तवाहिन्या जोडून फुगवलेली जाड नस. त्या हातानं वजन उचलायचं नाही, त्याच्यावर घड्याळ नाही, रक्तदाबाचा पट्टा नाही. ही सूचना मी घरी सांगितली ती सूर्यास्तानंतर, आणि थोडी वाढवून. डाव्या हाताला जपायचं होतं. आठवड्याभरात घर मला अख्खीला जपायला लागलं. सून पाण्याचा मोजका पेला खुर्चीपाशी आणून द्यायची. चष्मा, टॉवेल, औषधं, सगळं हाताशी. मी उठायची ती न्हाणीघरात जायला, जेवायला आणि झोपायला. कोणी कौतुकानं विचारलं तर म्हणायची, देवाच्या नावात वेळ कसा जातो कळत नाही. हे खरं होतं. पायांचं काय होतंय हेही कळत नव्हतं, ते मात्र मी सांगायची नाही.

आमच्या डायलिसिसच्या खोलीत आठ खुर्च्या. माझी तिसरी. चौथ्या खुर्चीवर मास्टर. मास्टर म्हणजे शिंपी, वय सहासष्ट, बारीक, मिशी कातरलेली, शर्टाची इस्त्री कधी न मोडणारी. आमचं दोघांचं डायलिसिस एकाच आठवड्यात सुरू झालं, त्यामुळे एका वर्गात असल्यासारखं नातं. त्यांचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं, बावीस पायऱ्या चढून. आजारपणापासून मुलगी दुकान सांभाळत होती आणि मास्टर तीन महिन्यांत वर गेले नव्हते. मुलगी कापड उत्तम कापते, ते सांगायचे, पण कॉलर बसवताना घाई करते, आणि ते खालून दिसत नाही. एकदा मला म्हणाले की मरायची भीती नाही ताई, पण त्या कॉलरी मला न बघता गिऱ्हाइकांच्या गळ्यात जातायत.

मग व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आल्या, आमच्या फिजिओताई. वय असेल तीस, पायात खेळाडूचे बूट, चालणं असं की बोलणं ऐकायला मागे धावावं लागे. त्यांनी समजावून सांगितलं की डायलिसिस नव्यानं सुरू झालेली माणसं फार बसून राहतात. डायलिसिसच्या दिवशी तर उठतच नाहीत. मग मांड्यांचं मांस झडतं, आधी जिना अवघड होतो आणि पुढे खुर्चीतून उठणंसुद्धा. नवी माणसं रोज किती चालतात हे त्यांना बारा आठवडे बघायचं होतं. त्यांनी सगळ्यांना पावलं मोजणारा मनगटी पट्टा दिला. त्यात चालू दिवसाचा आणि आदल्या दिवसाचा आकडा दिसायचा. आदल्या दिवसाचा आकडा दर शनिवारी त्या लिहून घेणार होत्या.

माझा डावा हात फिश्चुल्याचा, म्हणून पट्टा उजव्या हातात बांधला. माळ ओढायची ती उजव्या हातानंच. आणि माझी एक जुनी खोड आहे, प्रत्येक मण्याला मनगट जरा झटकायची. लहानपणी आई रागवायची, की देवाचं नाव घेतेस का माशा हाकलतेस.

पहिल्या शनिवारी आकडे वाचले गेले. बहुतेकांचे दोन ते तीन हजार. मास्टरांचे अकराशे. माझे आठ हजार तीनशे वीस.

फिजिओताईंनी पट्टा उलटून पाहिला, पुन्हा मनगटाला लावला आणि मला म्हणाल्या की काकू, माझेसुद्धा इतके होत नाहीत.

खरं सांगते, त्या दिवशी मला शंकासुद्धा आली नाही. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, अहो मी तर दिवसभर बसलेली असते, हे यंत्र बिघडलंय. मला काय वाटलं, तर ही कृपा आहे. नाम घेणाऱ्याचे पाय त्याच्या नकळत चालत असणार. घरात एवढीशी ये-जा मला दिसत नाही, पण वरून ती मोजली जातेय. मी मान खाली घालून म्हटलं की माझं काही नाही, सगळं त्याचं आहे. म्हणताना आवाज इतका नम्र निघाला की मलाच भरून आलं.

हे तीस वर्षं जमीनमोजणीच्या खात्यात होते. दोन पावलांत किती अंतर जातं हे त्यांना झोपेतही माहीत. सूनबाईनं जेवताना माझा आकडा सांगितला तेव्हा यांनी घास थांबवला. म्हणाले, आठ हजार म्हणजे साडेपाच किलोमीटरच्या आसपास. आपलं घर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अठरा पावलं. म्हणजे ही बया रोज घराच्या सव्वादोनशे फेऱ्या मारते, आणि मी रोज समोर बसून पेपर वाचतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी खुर्ची माझ्यासमोर ओढली, पट्ट्यावरचा आकडा लिहून घेतला आणि म्हणाले की एक माळ कर. मी केली. त्यांनी आकडा पुन्हा पाहिला.

"एकशे आठ मणी, शहाण्णव पावलं," हे म्हणाले. "बारा मणी तू डुलक्या घेत ओढलेस."

मग शाळेत पाटी घेऊन बसावं तसे मांडी घालून बसले. ऐंशी माळा गुणिले शहाण्णव, सात हजार सहाशे ऐंशी. एकूण आकड्यातून वजा केले. उरले सहाशे चाळीस. माझ्या खऱ्या पायांची दिवसाची कमाई तेवढी. आठ खुर्च्यांत सगळ्यात कमी.

मी ठरवलं की मंगळवारी सांगून टाकायचं. मंगळवारी खोलीत शिरले तर भिंतीवर कागद लावलेला, त्यावर माझा आकडा मोठ्या अक्षरात. सिस्टर म्हणाली, काकू, सगळ्यांना तुमचंच उदाहरण देतोय. सुया टोचून होईपर्यंत मी शब्द जुळवत राहिले. जुळले तेव्हा घड्याळात बारा वाजले होते आणि मौन सुरू झालं. दोन वाजता मौन सुटलं, पण तेव्हा फिजिओताई निघून गेल्या होत्या. गुरुवारी मौन मी साडेअकरालाच धरलं. लवकर सुरू केलं म्हणून नेम मोडत नाही.

मग दुसरा उपाय केला. माळ ओढताना पट्टा काढून ठेवायचा. शनिवारी आकडा आला सहाशे दहा. संध्याकाळी फिजिओताईंचा घरी फोन. काकूंना बरं नाहीये का, ताप आहे का, पाय सुजलेत का, लगेच घेऊन या. सूनबाई घाबरली. यांनी फोन हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. अजून ऊन होतं, म्हणजे खोटं बोलायची सोय नव्हती. मी पट्टा पुन्हा मनगटात अडकवला आणि खुणेनं सांगितलं की मी ठीक आहे. फोनवर खूण दिसत नाही. हे म्हणाले, "ती म्हणतेय ठीक आहे," आणि माझं खोटं माझ्या वतीनं दुसऱ्यानं बोलून टाकलं. माझा नेम शाबूत राहिला.

असा तो नेम मी दहा आठवडे शाबूत ठेवला. तोंडानं एक शब्द खोटा बोलले नाही. सगळं मनगट बोलत होतं.

आणि शेजारच्या खुर्चीवर मास्टर चालायला लागले होते. अकराशेचे दोन हजार झाले, दोनाचे चार. फिजिओताईंनी त्यांना सांगितलं होतं की चार हजार पुष्कळ झाले, डायलिसिसच्या दिवशी तर निम्मेच करा. मास्टर मान डोलवायचे आणि माझ्या आकड्याकडे बघायचे. एका शनिवारी म्हणाले की ताई, लोकांना मी सांगतो, आमच्या शेजारी एक बाई आहेत, आवाज ऐकू येत नाही इतकं हळू बोलतात, पण चालण्यात कोणाला हार जात नाहीत. मला फार बरं वाटलं. वाईटही वाटलं, पण आधी बरं वाटलं.

बारावा आठवडा संपला, फिजिओताईंनी सगळे पट्टे गोळा करून परत पाठवले. मला वाटलं सुटले. यंत्र गेलं, त्याच्याबरोबर माझं पापही गेलं. त्यानंतरच्या मंगळवारी मास्टरांनी मला शर्टाचा खिसा उघडून दाखवला. आत बटणं. शंभर पावलं झाली की एक बटण उजव्या खिशातून डाव्यात टाकायचं. पट्टा नसला तरी त्यांची मोजणी चालूच होती. सत्तर बटणांपर्यंत पोचले होते. आता ऐंशी करायची होती, माझ्याइतकी. बावीस पायऱ्या ते एकदा चढून आले होते, पण मध्ये तीनदा बसून. ऐंशी बटणं झाली की न थांबता चढेन, असं त्यांनी मनाशी बांधलं होतं.

तेव्हा सांगायला हवं होतं. बारा वाजायला पाच मिनिटं होती. मी घड्याळ बघत पाच मिनिटं काढली.

त्या शनिवारी मास्टर डायलिसिस संपल्यावर बस सोडून चालत निघाले. डायलिसिसनंतर अंगातलं पाणी काढलेलं असतं, रक्तदाब खाली असतो, आम्ही सगळे भिंत धरून उठतो. ते दुसऱ्या थांब्यापर्यंत गेले आणि रस्त्याच्या कडेला कोसळले. औषधाच्या दुकानदारानं उचलून आत घेतलं. हनुवटीला चार टाके.

मंगळवारी ते आले तेव्हा हनुवटीवर पांढरी पट्टी, शर्टाची इस्त्री मात्र तशीच. वजन करताना सिस्टर रागावली. मास्टर शांतपणे म्हणाले की चूक वेळेची झाली. आज रिकाम्या पोटी चालणार नाही, डायलिसिस झालं की बिस्किट खाऊन निघेन. ताईंना जमतं तर मला का जमू नये.

मी खुर्चीवर बसलेली होते. तोंड कोरडं पडलं. आम्हाला पाणी मोजून असतं, म्हणून ते तसंही कोरडंच असतं, पण हे वेगळं होतं.

"मास्टर, मी चालत नाही," मी म्हटलं. "तो पट्टा माळ मोजत होता. माझी पावलं दिवसाला सहाशे चाळीस. पहिल्या आठवड्यापासून मला ठाऊक होतं."

मला वाटलं मास्टर आता चिडतील. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताई, तुमचा खोटं न बोलण्याचा नेम सगळ्या खोलीला माहीत आहे," ते म्हणाले. "आज तो माझ्यासाठी मोडलात. मी पडलो म्हणून मला थांबवायला. हे उपकार मी विसरणार नाही."

मी म्हटलं, अहो खरं सांगतेय. ते म्हणाले, असंच खरं माझी बायकोसुद्धा सांगायची, की तिला भूक नाही. मी म्हटलं, आमच्या ह्यांना विचारा, त्यांनी मोजलंय. ते म्हणाले, साहेबही तुमच्यासारखेच मोठ्या मनाचे. पट्टा असता तर दोन मिनिटांत माळ ओढून दाखवली असती, पण पट्टे गेलेले. भिंतीवरच्या कागदावर माझा आकडा तेवढा राहिला होता, आणि तो मास्टरांच्या बाजूनं साक्ष देत होता. बारा आठवडे माझं खोटं सगळ्यांनी खरं मानलं. आता खरं बोलले तर ते पुण्यात जमा झालं.

मास्टरांनी खिशावर हात ठेवला. बटणं आतच होती. डायलिसिस संपलं की ते पुन्हा चालत निघणार होते.

सिस्टर माझ्या सुयांचा ट्रे घेऊन आली. मी तिला म्हटलं, थांब. आणि खुर्चीतून उठले.

आमच्या खोलीबाहेर लांब बोळ आहे. एका टोकाला आमचं दार, दुसऱ्या टोकाला खिडकी. फिजिओताई तिथं लोकांना चालवायच्या, कडेला भिंतीवर त्यांनी खुणा केल्या होत्या. मला त्यांनी कधी चालवलं नव्हतं. आठ हजारवालीची काय परीक्षा घ्यायची. मी मास्टरांना म्हटलं की माझ्याबरोबर खिडकीपर्यंत चला, परत येऊ, मग तुम्ही म्हणाल ते मी ऐकेन.

मनात वाटत होतं की एवढंसं तर जमेल. म्हणजे बघा, कबुली द्यायला निघाले होते आणि ती देतानासुद्धा बरी दिसावी अशी इच्छा होती.

पहिली दहा पावलं गेली. बाहेरच्या बाकावर पेशंटांचे नातेवाईक बसले होते, त्यात आमचे हेही. त्यांनी पेपर खाली घेतला. वीस पावलांवर माझ्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. डायलिसिसच्या आधी अंगात दोन-तीन दिवसांचं पाणी असतं, ते पायांत उतरलेलं. तिसाव्या पावलाला श्वास तोंडानं घ्यायला लागले. मास्टर माझ्या बाजूनं सहज चालत होते, पट्टीवाली हनुवटी वर करून, आणि तिरक्या नजरेनं बघत होते.

"नाटक चांगलं करता हो," ते हळूच म्हणाले.

मला उत्तर द्यायचं होतं, पण बोलायला दम नव्हता. एरवी मौन धरायला घड्याळ बघावं लागतं. त्या दिवशी ते आपोआप लागलं. खिडकी तिथंच दिसत होती, पण तिच्यापर्यंतची फरशी संपत नव्हती. मी भिंतीला हात लावला. मग खांदा लावला. गुडघे थरथरायला लागले, तेही साडीच्या आत नाही, सगळ्यांना दिसेल असे. एक बाई बाकावरून शेजारणीला म्हणाली की हीच का ती कागदावरची?

मास्टर थांबले. माझ्या पायांकडे पाहिलं. माप घेताना शिंपी माणसाचा चेहरा बघत नाही, अंग बघतो. ते तसं बघत होते. पाऊल न उचलता फरशीवरून घासत येतंय, टाच टेकत नाही, मांडी झुलतेय. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतलेल्या माणसाला एवढं पुरलं.

"हे पाय चालणारे नाहीत," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"कधीच नव्हते?"

मी पुन्हा मान हलवली.

त्यांनी मला धरायला हात पुढे केला, डावा दंड बघून मागे घेतला आणि बाजू बदलून उजवा धरला. तोवर आमचे हे बाकाजवळची खुर्ची ओढत आले होते. मी बसले. मास्टर माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं होतं, हसतील तर बरं होईल. हसले नाहीत.

"तीन महिने मी तुमच्या माळेमागे धावलो," ते म्हणाले. "हनुवटी फोडून घेतली."

"हो."

"आणि तुम्ही शेजारी बसून बघत होतात."

"हो," मी म्हटलं. माफी मागितली, पण ती इतक्या हळू निघाली की ह्यांना ती पुन्हा सांगावी लागली.

मास्टर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. एवढ्यात फिजिओताई धावत आल्या, माझ्या उजव्या दंडाला पट्टा लावून रक्तदाब घेतला आणि आमच्या तिघांवर सारख्याच चिडल्या. मग सगळं ऐकलं. ऐकून भिंतीला टेकल्या. म्हणाल्या की काकू, तुमच्या एकटीमुळे आठ खुर्च्यांची सरासरी हजारानं वर गेली होती, आणि ती बघून वरचे लोक म्हणाले होते की इथल्या पेशंटांना चालवायला वेगळं माणूस नको. आता सगळं पुन्हा लिहावं लागणार. माझा आकडा त्या पूर्ण काढून टाकणार होत्या. तीन महिने मी नव्हतेच, असं धरून.

मी म्हटलं, ते बरोबर आहे.

मास्टर वळले. त्यांनी फिजिओताईंना विचारलं की मग खरी माणसं किती चालतात. त्यांनी सांगितलं की या खोलीत सगळ्यात जास्त चालणारे तुम्हीच आहात काका, पहिल्या महिन्यापासून. चार हजार केलेत तेव्हाच तुमच्या पुढे कोणी नव्हतं.

मास्टरांनी हे ऐकून घेतलं. मिशीवरून बोट फिरवलं. जिला गाठायचं म्हणून चालले होते ती बाई कधी चाललीच नव्हती, आणि ते दोन महिने एकटेच पुढे होते. ह्या गोष्टीचा आनंद करायचा की राग, हे त्यांना ठरवता येत नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"आज बसनं जाईन," ते शेवटी म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "उद्या सकाळी चालेन. चारच हजार."

"आणि काकू?" फिजिओताईंनी विचारलं.

मी म्हटलं की सहाशे चाळीसला उद्या दहा मिळवते. हे लगेच म्हणाले, पन्नास. सूर्यास्ताला अजून बराच वेळ होता, म्हणून मी त्यांच्यासमोर पन्नासला हो म्हटलं नाही. विचार करते म्हटलं.

खुर्चीपर्यंत परत जायचं होतं. सिस्टरनं चाकाची खुर्ची आणली. फिजिओताईंनी ती हातानं अडवली, दोन मिनिटं श्वास घेऊ दिला आणि मला उभं केलं. मास्टर निघून गेले नव्हते. ते माझ्या उजव्या बाजूला आले. दंड धरला नाही, पण आपलं पाऊल माझ्या पावलाइतकं लहान करून चालत राहिले. दोनदा थांबलो. दोन्ही वेळा ते माझ्यासाठी थांबले की स्वतःसाठी, ते मी विचारलं नाही.